दस्त्याला गादी, बंदुकीला कुलूप

सदर : घर आणि शिवार



भात निसवले, लोंबी दुधात आली, की शिवारात रात्रीची जाग सुरू होते. पेण-रोह्याच्या डोंगरकडेच्या वाड्यांना हे सांगायला नकोच. मुरूड-रोह्याकडचे फणसाडचे रान हे पूर्वी जंजिऱ्याच्या नबाबाचे शिकारीचे राखीव रान. १९८६ साली ते अभयारण्य झाले. रानाला लागून ज्यांची खाचरे आहेत, त्यांना रानडुकरांचा कळप एका रात्रीत काय करून जातो ते ठाऊक आहे. मग माजघरातली आजोबांच्या वेळची बंदूक खाली निघते. दसऱ्याला ती पुसून पाटावर ठेवतात, हळदकुंकू वाहतात. आपल्याकडे शस्त्राचा मान मोठाच. रोह्याचे ग्रामदैवत धावीर महाराज, त्यांना तर दसऱ्याच्या उत्सवात पोलिसांची सशस्त्र मानवंदना असते.

मान द्यावाच. पण शस्त्राचा खरा मान म्हणजे त्याची नीट निगा आणि त्याहून नीट बंदोबस्त. जुन्या बंदुकीविषयी घरोघर दोन प्रश्न असतात. पहिला, बार काढला की खांदा सुजतो, तर दस्त्याला रबराची गादी बसवावी का? दुसरा, घरात लेकरेबाळे आहेत, तर ही ठेवायची कुठे? आज या दोन्हींचा विचार करू. पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे, की जुन्या दस्त्याला करवत शक्यतो लावू नये. दुसऱ्याचे असे, की कुलपाच्या बाबतीत हात आखडता घेऊ नये.

आधी दुखणे ओळखा

काडतुसातले छर्रे साधारण ३० ग्रॅम वजनाचे आणि बंदूक ३ किलोच्या आसपास. छर्रे पुढे जातात तशी बंदूक मागे येते. बंदूक जितकी हलकी तितका धक्का जास्त. म्हणून हलकी एकनळी ही जड दुनळीपेक्षा खांद्याला जास्त लागते. एवढा धक्का स्वाभाविक आहे. त्याहून जास्त लागत असेल, तर नेमके कुठे लागते ते पाहावे.

अंगठा नाकावर आपटत असेल तर दस्ता तुम्हाला आखूड आहे. दस्ता काखेत किंवा सदऱ्यात अडकत असेल तर तो लांब आहे. गालफड दुखत असेल तर दस्त्याचा बाक तुमच्या मानेला जुळत नाही. मधले बोट चापाच्या कडीवर ठेचत असेल, तर मूठ सैल आहे किंवा माप चुकले आहे. आणि फक्त खांदा दुखत असेल, तर बहुधा दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट न धरता दंडावर टेकवला जातो. सैल धरलेली बंदूक मागे येताना वेग घेते आणि मग आपटते. घट्ट धरलेली नुसती ढकलते. या सगळ्या दुखण्यांवर गादी हा एकच उतारा नव्हे.

दुसरी गोष्ट काडतुसाची. आपल्या भागातल्या पुष्कळ जुन्या दुनळ्या विलायती आहेत, बर्मिंगहॅमच्या ग्रीनर किंवा वेबली अँड स्कॉट यांच्या घडणीच्या. काही बेल्जियमच्या लिएज गावच्या आहेत. यांतल्या अनेक जुन्या नळ्यांचे घर ६५ मिलिमीटर काडतुसाचे असते. आज ७० मिलिमीटरचे काडतूसही मिळते. गंमत अशी, की काडतुसावर लिहिलेली लांबी ही बार उडून तोंड उघडल्यानंतरची असते. न उडालेले ७० चे काडतूस त्याहून आखूड असते, म्हणून ते ६५ च्या घरात गुपचूप बसते आणि बंदूकही मिटते. पण बार उडताना तोंड उघडायला जागा राहत नाही. आत दाब वाढतो. धक्का वाढलेला जाणवतो तो त्याचाच. इथे गादी लावणे म्हणजे ताप उतरवायला नुसता पंखा लावणे होय.

तिसरी गोष्ट नळीची. नळीवर पाण्याच्या लाटांसारखी किंवा वेलबुट्टीसारखी नक्षी दिसते का? ती वरून काढलेली नसते. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, गुंडाळून ती नळी घडवलेली असते. तिला दमास्कस नळी म्हणतात. काळ्या दारूच्या जमान्यातली ही वस्तू. तिच्यात आजचे बिनधुराच्या दारूचे काडतूस घालू नये. बाहेरून ती लखलखीत दिसली तरी आतल्या जोडांत गंज कुठवर गेला आहे हे डोळ्यांना कळत नाही. अशी बंदूक घरची आठवण म्हणून सांभाळावी. तिला गादीची गरजच नाही.

ठासणीची बंदूक असेल तर धक्क्याचे कारण बहुधा आपल्याच हातात असते. दारू अंदाजाने ओतली जाते. गादी लावली म्हणजे थोडी जास्त ठासायला हरकत नाही, असा विचार कोणी मनात आणू नये. गादी खांदा वाचवील, नळी वाचवणार नाही.

दस्ता कापण्यापूर्वी

आता गादीकडे वळू. दस्त्याच्या बुडाला रबर लावण्याची चाल जुनी आहे. लंडनच्या सिल्व्हर कंपनीच्या तांबूस रबराच्या गाद्या नावाजलेल्या होत्या. त्या कंपनीवरून तिथल्या एका वस्तीला सिल्व्हरटाउन हे नावच पडले. तुमच्या बंदुकीला अशी मूळची गादी असेल, तर नखाने दाबून पाहा. नख रुतले आणि जागा पुन्हा भरून आली, तर गादी जिवंत आहे. लाकडासारखी टणक लागली तर ती मेली. बोटाला चिकटली तर ती सडत चालली आहे. रबराचे तीन वैरी आहेत : तेल, ऊन आणि रॉकेल. गादी पुसायची ती साबणाच्या पाण्याने ओलसर केलेल्या फडक्यानेच, आणि लगेच कोरडी करायची. मेलेली गादीही टाकून देऊ नका. ती मूळ बंदुकीचा भाग आहे, नव्या गादीचे माप तिच्यावरूनच घेता येते.

नवी गादी कायमची बसवायची, तर हिशेब असा करावा. पुढच्या चापापासून दस्त्याच्या बुडाच्या मध्यापर्यंत मोजावे. समजा, हे माप साडेचौदा इंच भरले. तुम्हाला चौदा इंच सोयीचे आहे आणि गादी एक इंच जाड आहे. साडेचौदात एक मिळवले, साडेपंधरा झाले. त्यातून चौदा वजा केले, दीड इंच उरले. म्हणजे दीड इंच दस्ता कापावा लागेल. विलायती माणसाच्या हातासाठी केलेला दस्ता आपल्याला आधीच लांब पडतो, म्हणून न कापता वरून जाड गादी चढवली तर ती काखेत अडकते. आणि दीड इंच कापला, तर तो पुन्हा जोडता येत नाही. जुन्या अक्रोडाच्या दस्त्यावर एकदा करवत फिरली की बंदुकीची किंमत उतरलीच. शिवाय काही दस्ते वजन सांभाळण्यासाठी आतून पोकळ केलेले असतात, काहींत लांब बोल्ट असतो. कापणाऱ्याला हे ठाऊक नसेल तर दस्ता चिरतो.

म्हणून कायमची गादी बसवायचीच असेल, तर परवानाधारक बंदूक कारागिराकडेच जावे. गावचा सुतार कितीही कसबी असो, त्याच्याकडे बंदूक टाकून येऊ नये. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाप्रमाणे बंदूक दुरुस्त करण्याचा धंदा परवान्याशिवाय करता येत नाही, आणि बिनपरवानाधारकाच्या ताब्यात बंदूक देणे हाही गुन्हाच. नळी आखूड करणे तर दूरच ठेवा.

कारागिराचे काम पारखायच्या खुणा सांगून ठेवतो. मूळची शिंगाची किंवा एबोनाइटची पट्टी त्याने तुम्हाला परत द्यावी. कापलेल्या लाकडाचे उघडे तोंड तेल किंवा वार्निश देऊन बंद करावे, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच ओल शिरते. गादी कानशीने घासताना दस्त्याला चिकटपट्टी लावून लाकूड राखावे. काम झाल्यावर दस्त्यावरून बोट फिरवले, तर लाकूड कुठे संपले आणि रबर कुठे सुरू झाले हे बोटाला कळता कामा नये.

न कापता होणारी गादी

बहुतेक घरांना याहून सोपा उपाय पुरेसा आहे. चामड्याची टोपी शिवून घ्यावी आणि दस्त्यावर चढवावी. यासाठी बंदूक घराबाहेर न्यावी लागत नाही.

बंदूक रिकामी असल्याची खात्री करून, नळ्या वेगळ्या काढून, नुसता दस्ता एका पुठ्ठ्यावर उभा धरा आणि बुडाभोवती पेन्सिल फिरवा. मग चार इंच उंचीची कागदाची पट्टी दस्त्याला गुंडाळून तिचे माप घ्या. हा पुठ्ठा आणि हा कागद घेऊन चामड्याचे काम करणाऱ्या चांगल्या कारागिराकडे जा. पुठ्ठ्याच्या मापाचा अर्धा इंच जाडीचा मऊ रबराचा तुकडा आत घालायला सांगा. चपलेच्या तळव्याला लावतात तसले हलके रबर चालते. त्यावर गुळगुळीत चामडे, म्हणजे खांद्यावर घेताना सदऱ्यात अडकत नाही. बाजूला छिद्रे पाडून वादी ओवली, की टोपी घट्ट बसते. दस्ता आधीच लांब असेल तर पाव इंचाचे रबर घ्या.

एक पथ्य पाळा. काम संपले की ही टोपी काढून वेगळी ठेवा. चामडे ओल धरते, आणि तीच ओल दस्त्याच्या लाकडाला आणि जवळच्या लोखंडाला देते.

आपली हवा आणि जुने लोखंड

आता ठेवण्याकडे येऊ. आपल्याकडे पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या घरात. पेणच्या खारेपाटात त्यात खाऱ्या वाऱ्याची भर. आषाढ-श्रावणात भिंती घाम टाकतात. अशा हवेत बंदूक कॅनव्हासच्या किंवा चामड्याच्या खोळीत गुंडाळून ठेवणे म्हणजे तिला ओल्या गोधडीत निजवणे. खोळ प्रवासापुरती. घरात बंदूक उघडीच ठेवावी, पण कुलपात.

चुलीच्या वर तुळईला बंदूक अडकवायची जुनी रीत होती. ऊब मिळते, गंज येत नाही, असे म्हणत. पण धुराची काजळी नळीवर बसते, उष्णतेने दस्ता चिरतो आणि रबर मरते. ती रीत सोडावी.

गोडे तेल, खोबरेल लावू नये. ते सुकून चिकट होते आणि कळा जाम करते. शिलाई मशीनचे पातळ तेल फडक्यावर घेऊन नुसता हात फिरवावा. जास्त तेल ओतले तर ते उतरून दस्त्याच्या मानेत मुरते आणि लाकूड मऊ पडते. यासाठी जाणते लोक बंदूक नळी खाली आणि दस्ता वर अशी ठेवतात. त्यात दुसराही फायदा आहे. गादीवर भार येत नाही, त्यामुळे ती चेपत नाही आणि जमिनीला चिकटत नाही. नळीच्या तोंडाखाली कापडाची घडी ठेवावी.

कपाटात सिलिका जेलची पुरचुंडी ठेवावी. निळे खडे ओल पिऊन गुलाबी झाले, की जुन्या पत्र्यावर मंद आचेने तापवावेत, ते पुन्हा निळे होतात. स्वयंपाकाचा तवा त्यासाठी घेऊ नये आणि खडे मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. पावसाळ्यात पंधरवड्याला एकदा आणि एरवी महिन्याला एकदा बंदूक पुसावी.

कुलूप म्हणजे कुलूपच

भगिनींनो, हा भाग तुम्ही मुद्दाम वाचा. घरात बंदूक एकाच्या नावावर असते, पण तिचा धोका साऱ्या घराला असतो.

खुंटीवर उंच टांगलेली बंदूक म्हणजे ठेवलेली बंदूक नव्हे. मूल पेटीवर पेटी रचून चढते. जुन्या बंदुकीचा खटका, ज्याला आपण सेफ्टी म्हणतो, तो बहुधा चाप तेवढा अडवतो. आतला घोडा मोकळाच असतो. बंदूक पडली, आपटली, तर झिजलेला घोडा सुटू शकतो. म्हणून खटक्याच्या भरवशावर भरलेली बंदूक घरात कधीच असू नये. रानातून परतताना बांधावरच ती रिकामी करावी. उंबऱ्याच्या आत काडतूस नळीत नको.

भिंतीला आतून बोल्टने आवळलेली लोखंडी पेटी किंवा कपाट करावे. दुनळी असेल तर नळ्या, दस्ता आणि नळीखालचे लाकूड असे तिचे तीन भाग होतात. नळ्या एका कुलपात आणि दस्ता दुसऱ्या कुलपात ठेवला, तर एक कुलूप फुटले तरी हाती येते ते निकामी लोखंड. काडतुसे तिसऱ्या ठिकाणी, तीही कुलपात. किल्ली परवानाधारकाकडेच. देव्हाऱ्यामागे, तांदळाच्या डब्यात लपवलेली किल्ली घरातल्या पोराला पहिल्या दिवशी सापडते.

दारू पिऊन कोणी घरी आले, भावाभावांत बांधावरून जुंपली, पोरगा परीक्षेत नापास होऊन गप्प झाला, अशा रात्री घराघरांत येतात. त्या वेळी बंदूक हाताशी असणे आणि दोन कुलपांआड असणे, यांत एका जिवाचे अंतर असते. राग आणि निराशा बहुधा उतरते. कुलूप तेवढा वेळ मिळवून देते. असा प्रसंग घरात दिसू लागला, तर किल्ली लपवत बसू नका. बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे रीतसर जमा करून पावती घ्या. यात कमीपणा काही नाही.

ठासणीची बंदूक सगळ्यांत फसवी. ती उघडून पाहता येत नाही, आणि गेल्या वर्षीचा बार तिच्यात तसाच बसून असू शकतो. नुसती टोपी काढली म्हणजे ती रिकामी झाली असे नाही. तिची पारख गजाने करावी. टोपी काढून, तोंड आपल्यापासून आणि माणसांपासून दूर धरून, गज हलकेच आत सोडा. तोंडाशी गजावर खूण करा. मग गज बाहेर काढून नळीच्या बाजूने धरून पाहा. गजाचे टोक कानाच्या भोकापर्यंत पोचत नसेल, तर आत बार आहे. तो कोरून काढू नका, विस्तवाजवळ नेऊ नका. परवानाधारक कारागिराकडून काढून घ्या.

कागदही जपून ठेवा

कित्येकांच्या घरी आजोबांच्या परवान्यावर अजून कुलाबा जिल्हा असे नाव असेल. १ जानेवारी १९८१ पासून आपला जिल्हा रायगड झाला. जुना कागद आठवण म्हणून ठेवा, पण आजचा परवाना चालू आहे ना, ते पाहा. २०१९ च्या दुरुस्तीपासून परवान्याची मुदत पाच वर्षांची झाली आहे. मुदत संपली किंवा परवानाधारक वारला, तर बंदूक घरात ठेवता येत नाही. विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. तेराव्यानंतर पाहू, असे म्हणत वर्ष काढू नये. वारसाला आपल्या नावे परवाना मागता येतो. त्याचा अर्ज अलिबागला जिल्हा दंडाधिकाऱ्यांकडे जातो. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला असेल, किंवा त्याने पंचवीस वर्षे बंदूक बाळगली असेल, तर त्याच्या हयातीतच वारसासाठी अर्ज करता येतो. वडीलधाऱ्यांनी ही सोय लक्षात ठेवावी.

निवडणुकीच्या वेळी बंदूक जमा करण्याची नोटीस आली, तर देण्यापूर्वी नळीला आतून-बाहेरून तेलाचा हात द्या, चामड्याची टोपी घरीच ठेवा आणि बंदुकीचा क्रमांक लिहिलेली पावती घ्या. परत आणल्यावर त्याच दिवशी पुसा.

आणि हे विसरू नका, की बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाखाली रानडुकरालाही संरक्षण आहे. पिकाची नासधूस होत असेल तर वनखात्याकडे अर्ज करून परवानगी घ्यावी लागते, नुकसानभरपाईही तिथेच मागता येते.

येत्या दसऱ्याला पूजेपूर्वी एवढे करा. बंदूक रिकामी आहे ना, ते घरातल्या दोन मोठ्या माणसांनी आपापल्या डोळ्यांनी पाहावे. पूजा झाली की पाटावर ती रात्रभर ठेवू नये. आपट्याची पाने वाटायला बाहेर पडण्याआधी तिला कुलपात घालावे.

पुढच्या आठवड्यात : कणगीतल्या भाताला लागणारी कीड आणि तिच्यावरचे घरगुती उपाय.